कादंबरीचा शेवट त्याच्या उत्तरावर अडलाय

वाचकाचं पत्र, थोडक्यात (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत)

पत्र लिहिणारी मुलगी १९ वर्षांची आहे. डोंबिवलीच्या पुढे राहते, माटुंग्याच्या एका कॉलेजात एसवायला आहे, अकरावीपासून तिथेच. गेली दोनेक वर्षं ती कॉलेज नुकतंच सुरू झालेल्या मुलामुलींच्या इंग्रजी प्रेमकादंबऱ्या मोबाइलवर झपाटल्यासारख्या वाचते आहे. त्यातूनच तिनं मराठीत तशी एक कादंबरी लिहायला घेतली. बावीस प्रकरणं झाली आहेत. त्यातली नऊ टोपणनावानं एका कथांच्या ॲपवर टाकली आहेत आणि ‘पुढचा भाग कधी?’ असं विचारणारे वाचकही मिळाले आहेत. अडचण अशी, की नायक खरा आहे. वर्गातला मुलगा, तिच्याच लोकलनं येणारा, जवळचा मित्र. त्याला यातलं काहीही माहीत नाही. त्यानं एकदा विश्वासानं सांगितलेली घरची एक गोष्टही ॲपवरच्या दोन प्रकरणांत आली आहे. एका मैत्रिणीनं वाचून त्याला लगेच ओळखलं आणि ‘सगळं डिलीट कर’ म्हणाली. दुसरी म्हणते, ‘प्रिंट काढ, बाइंडिंग करून घे आणि त्याच्या वाढदिवसाला दे. असं प्रपोज कोणी केलं नसेल.’ वाढदिवस पुढच्या महिन्यात आहे. ती लिहिते, ‘ताई, शेवटचं प्रकरण लिहिताच येत नाही, कारण त्याचं उत्तर काय येईल ते माहीत नाही. त्याला वाचायला देऊ, की काढून टाकू?’ पत्रासोबत तिनं पाच प्रकरणं पाठवली आहेत.

उत्तर

पाचही प्रकरणं मी वाचली. तिसरं पुन्हा एकदा वाचलं. त्यामुळे पहिल्यांदा हे सांगते, की सगळं डिलीट वगैरे करू नकोस. रोज तीन तास लोकलमध्ये घालवून, घरी दार लावून बसायला वेगळी खोली नसताना, सगळे झोपल्यावर मोबाइलवर बावीस प्रकरणं लिहिणं ही साधी गोष्ट नाही. तुझ्या वयाची किती मुलं एवढं लिहितात? लिहिलेलं पुसून टाकलं की सुटल्यासारखं वाटतं, पण चार दिवसच. मग जे वाटत होतं ते तिथंच असतं आणि हाताशी कादंबरीही नसते.

पण ती मैत्रीण घाबरली, ते उगाच नाही. तिला जे खटकलं ते मलाही खटकलं.

त्यानं तुला घरची जी गोष्ट सांगितली ती मी इथे छापत नाही. तू पत्रात लिहिलीस, मी वाचली, ती तेवढ्यावरच राहू दे. हे सदर तो वाचत असेल, त्याच्या घरचं कोणी वाचत असेल. नेमकी हीच काळजी तुझ्या नऊ प्रकरणांत घ्यायची राहून गेली. तू त्याचं नाव बदललंस, स्टेशन बदललंस, कॉलेजचं नाव बदललंस. तरी मैत्रिणीनं ओळखलं. माणूस ओळखू येतो तो त्याच्या लकबीवरून, त्याच्या घरातल्या अडचणीवरून, तो कशावर गप्प होतो त्यावरून. ते सगळं तू जसंच्या तसं ठेवलंस आणि वरचं लेबल तेवढं बदललंस.

तेव्हा आज, हे वाचून झालं की, ती दोन प्रकरणं ॲपवरून खाली घे. बहुतेक ॲपवर प्रकाशित भाग परत ड्राफ्टमध्ये नेता येतो. वाचकांसाठी एक ओळ टाक : काही भाग पुन्हा लिहिते आहे, थोडा वेळ लागेल. कारण द्यायची गरज नाही. ‘पुढचा भाग कधी’ म्हणणारे अनोळखी वाचक थांबतील, आणि नाही थांबले तरी हे करायलाच हवं.

आता वाढदिवसाचं. दुसऱ्या मैत्रिणीनं सुचवलंय ते ऐकायला फार गोड आहे, पण तू क्षणभर त्याच्या जागी उभी राहून बघ. कॅन्टीनमध्ये ग्रुप जमलाय, केक कापून झालाय, आणि तू त्याच्या हातात दोनशे पानांचं स्पायरल बाइंडिंग ठेवतेस. तो ते घरी नेतो. कुठे वाचणार? त्याचंही घर तुझ्यासारखंच, दोन खोल्यांचं. रात्री सगळे झोपल्यावर पान उघडतो आणि त्याला त्याचंच घर दिसतं, त्यानं फक्त तुला सांगितलेलं. तू त्याला मनापासून आवडत असलीस तरी त्या क्षणी त्याला पहिल्यांदा जे वाटेल ते प्रेम नसेल.

आणि समज, तो घरचा भाग काढून टाकलास आणि उरलेलं दिलंस. तरी एक मोठी अडचण राहते. ‘मला तू आवडतोस’ या वाक्याला हो म्हणता येतं, नाही म्हणता येतं, ‘मला कळत नाहीये’ असंही म्हणता येतं. दोनशे पानांना ‘मला कळत नाहीये’ कसं म्हणणार? कोणीतरी आपल्यासाठी वर्षभर जागून एवढं केलं, या ओझ्याखाली माणूस एकतर खोटं हो म्हणतो किंवा टाळायला लागतो. खोटं हो तुला नकोच आहे. टाळणं तर रोज त्याच प्लॅटफॉर्मवर बघावं लागेल.

हे मी फक्त तुला सांगत नाही. फेब्रुवारीच्या आसपास मला दरवर्षी अशी पत्रं येतात. कोणी वहीभर कविता केलेल्या असतात, कोणी मित्रांकडून व्हिडिओ बनवून घेतलेला असतो, कोणाला फेस्टच्या स्टेजवरून माइकवर विचारायचं असतं. मुलांची पत्रं त्यात जास्त असतात. सगळ्यांना मी एकच विचारते : समोरच्याला नाही म्हणायला जागा ठेवली आहेस का? गर्दीसमोर, वाढदिवशी किंवा एवढी मोठी भेट हातात देऊन विचारलं की ती जागा उरत नाही.

मग त्याला काही सांगायचंच नाही का? सांगायचं. दोन गोष्टी सांगायच्या, पण वेगवेगळ्या दिवशी, आणि कुठली आधी हे फार महत्त्वाचं आहे.

आधी त्या दोन प्रकरणांबद्दल सांग. तुला वाटेल, काढून टाकली, त्याला कळलंच नाही, तर उकरायचं कशाला? मीही यावर बराच विचार केला. गप्प बसण्याच्या बाजूनंही बोलता येईल. उगाच त्याच्या जिवाला घोर कशाला लावायचा. पण ती मैत्रीण वाचून बसली आहे, स्क्रीनशॉट कोणी घेतला असेल-नसेल आपल्याला ठाऊक नाही, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तो तुला उद्याही काही सांगणार आहे. आधीच्या गोष्टीचं काय झालं हे माहीत नसताना तो विश्वास ठेवत राहणार. त्याला ते माहीत असायला हवं आणि ते तुझ्याकडून कळायला हवं.

बोलणं लांबवू नकोस. मी एक गोष्ट लिहिते आहे, त्यात तू मला सांगितलेलं आलं होतं, ते काही लोकांनी वाचलं, मी ते काढलंय, मला ते करायचा हक्क नव्हता. एवढंच. तो चिडला तर चिडू दे. ‘अरे, पण मी ते किती हळुवारपणे लिहिलंय’ असं सांगायला जाऊ नकोस. वाचायला मागितलं तर तीच दोन प्रकरणं दाखव, पूर्ण कादंबरी नको. आणि त्याच बोलण्यात ‘कारण मला तू आवडतोस’ हे चुकूनही जोडू नकोस. माफी आणि प्रेम एका दमात मागितलं की समोरच्याला धड रागावताही येत नाही. त्याला रागवायला मोकळीक हवी.

त्यानंतर काही दिवस जाऊ देत. रोजचं बोलणं पुन्हा सुरळीत झालं, की मग दुसरी गोष्ट. जागा नीट निवड. लोकलची वेळ नको. घरी जायची गाडी पकडायच्या आधी प्लॅटफॉर्मवर विचारलंस आणि त्याला अवघडल्यासारखं झालं, तर तरीही त्याला तुझ्याबरोबर त्याच गाडीसाठी थांबावं लागणार. कॅन्टीनही नको, तिथे ग्रुप येऊन बसतो. लेक्चर लवकर सुटलं त्या दिवशी फाइव्ह गार्डन्सला एक फेरी मारा. तिथून त्याला हवं तेव्हा उठून जाता येतं. परीक्षा तोंडावर नसावी. आणि वाक्य साधं असावं : मला तू मित्रापेक्षा जास्त आवडतोस, तुझ्या मनात काय आहे ते आत्ताच सांगायला हवं असं नाही, आणि नाही असलं तरी मला ते ऐकायचंय.

हो म्हणाला तर मला कळव, मलाही आनंद होईल. नाही म्हणाला तर काही दिवस एक गाडी आधीची किंवा नंतरची पकड आणि ग्रुपला ‘काय झालं’ हे रंगवून सांगत बसू नकोस. त्याच्याशी बोलणं पूर्ण तोडायची गरज नाही, पण लगेच पूर्वीसारखं वागायचा हट्टही धरू नकोस. दोघांनाही थोडं अंतर लागेल. नकारानंतर ‘निदान कादंबरी तरी वाच’ म्हणून ती त्याच्याकडे पाठवू नकोस, हे मात्र पुन्हा सांगते.

इथपर्यंत त्याच्याबद्दल झालं. मला खरं तर जास्त बोलायचंय ते तुझ्या एका वाक्याबद्दल : शेवट लिहिता येत नाही, कारण त्याचं उत्तर माहीत नाही.

पत्रातलं हे वाक्य मला सगळ्यात प्रामाणिक वाटलं, आणि तुझी गल्लतही तिथंच झाली आहे असं वाटतं. तू वर्षभर कादंबरी लिहिते आहेस असं तुला वाटतंय, पण अर्धा वेळ तू त्याला पत्र लिहिते आहेस. पत्राला उत्तराची वाट बघावी लागते, कादंबरीला नाही. तुझ्या नायिकेचं पहिलं वर्ष कसं संपलं हे त्यानं सांगायचं नाही, तू ठरवायचंस.

तू ज्या कादंबऱ्या वाचतेस त्यांच्याकडे आता वाचकाच्या नाही, लिहिणारीच्या नजरेनं बघ. अमेरिकेत प्रेमकादंबरी लिहिणाऱ्यांची एक संघटना आहे, रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका. त्यांनी या प्रकाराच्या दोनच अटी सांगितल्या आहेत : मध्यभागी प्रेमाची गोष्ट हवी, आणि शेवट मनाला समाधान देणारा, आशा ठेवणारा हवा. लग्न, साखरपुडा, ‘आय लव्ह यू’ला मिळालेलं ‘आय लव्ह यू टू’ यातलं काही अटीत नाही. तरुण मुलांसाठीच्या कादंबऱ्यांत तर ‘आत्तापुरतं सुखी’ एवढ्यावर शेवट करण्याची सर्रास पद्धत आहे. एकोणिसाव्या वर्षी कोणी जन्मभराचं वचन दिलं तरी वाचकाला ते खरं वाटत नाही, हे तिथल्या लेखकांना पक्कं ठाऊक आहे. नायिका जूनमध्ये कशी होती आणि मे महिन्यात कशी आहे, यातला फरक दिसला की ती गोष्ट पूर्ण झाली.

आणखी एक गोष्ट त्या कादंबऱ्यांतून तू उचललीस, ती मुंबईत चालत नाही. तिकडे कॉलेज सुरू होतं तेव्हा मुलगी अठराची असते. आईवडील तिला गाडीनं दुसऱ्या गावच्या हॉस्टेलवर सोडतात, सामान खोलीत लावून देतात, डोळे पुसतात आणि निघून जातात. तिथून गोष्ट सुरू होते. घर मागे पडलं, दार लागलं, आता रात्री कुठे जायचं हे विचारणारं कोणी नाही. सगळं प्रेम त्या मोकळ्या जागेत घडतं. अठराच्या पुढच्या या नायिकांसाठी २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट मार्टिन्स प्रेसनं हस्तलिखितं मागवताना ‘न्यू अ‍ॅडल्ट’ असं वेगळं नावच वापरलं, कारण शाळेतल्या मुलांसाठीच्या शेल्फवर त्या बसत नव्हत्या. तू वाचतेस त्यातल्या बऱ्याचशा या दुसऱ्या शेल्फवरच्या आहेत.

आपल्याकडे कॉलेज अकरावीलाच सुरू होतं. दहावीचा निकाल, ऑनलाइन फॉर्म, पसंतीक्रम, पहिली यादी, दुसरी यादी, आणि पंधरा-सोळा वर्षांची मुलगी कॉलेजच्या गेटातून आत. तुझी नायिका अकरावीत आहे, आणि तू पाठवलेल्या शेवटच्या प्रकरणात ती जे करते ते तिकडच्या एकोणीस वर्षांच्या मुलीचं आहे. यातला कायद्याचा भाग आधी सांगते, कारण तू हे जाहीरपणे टाकते आहेस : मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पोक्सो कायद्यात अठरा वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती बालक आहे. अशा वयाच्या पात्राचे तसले प्रसंग लिहून ॲपवर टाकू नयेत. तो प्रसंग काढ, आणि तुझं वाचून शिकणाऱ्या लहान मुलींसाठीही तो काढायलाच हवा. आणि लेखनाच्या दृष्टीनंही ते खोटं वाटतं. सोळाव्या वर्षी माणूस एखाद्याच्या शेजारच्या बाकावर जागा मिळावी म्हणून आठवडाभर बेत करतो. ते लिहायला तुला सुंदर जमलं असतं.

माझं म्हणणं, तुझी गोष्ट एफवायपासून सुरू कर. तुझ्यासारख्या इनहाऊस, म्हणजे अकरावीपासून त्याच कॉलेजात असलेल्या, मुलीचा एफवायचा पहिला दिवस कोणी लिहिलाय? गेट तेच, वॉचमन तोच, जिना तोच. पण बारावीनंतर ग्रुप फुटलेला. एक इंजिनिअरिंगला गेली, एक सीईटी रिपीट करते आहे, एक बीएमएसला दुसऱ्या कॉलेजात. वर्गात साठ नवे चेहरे, आणि जुनी म्हणून सगळे हिलाच विचारतात, ऑफिस कुठे, कन्सेशनचा फॉर्म कुठल्या खिडकीवर मिळतो, हा मायनर घेतला तर टाइमटेबल जुळतं का. तिला सगळं माहीत आहे आणि बसायला शेजारी कोणी नाही. तुझं कॉलेज पुन्हा सुरू झालं ते तेव्हा. पत्रात तू हे एका ओळीत सांगून टाकलंस, आणि मी त्या ओळीवर थांबले.

आता घर. तुझ्या नायिकेचं घर पहिल्या प्रकरणानंतर गायबच होतं. ती कधीही कुठेही असते. रात्री मरीन ड्राइव्हला, पावसात बँडस्टँडला. डोंबिवलीच्या पुढची मुलगी रात्री दहाला मरीन ड्राइव्हला असेल तर तिच्या घरी काय चाललं असेल? आईचे किती मिस्ड कॉल आले असतील? आपल्या मुलीला वेळ किती असतो, तर शेवटचं लेक्चर सुटल्यापासून घराची बेल वाजवेपर्यंतचा. त्यातला तास-दीड तास गाडीत, आणि गाडीत तर ती लेडीज डब्यात आणि तो जनरलमध्ये. एकाच गाडीनं एवढा प्रवास करायचा आणि दादरच्या पुलापर्यंत एकमेकांना बघायचंही नाही. प्रेमाच्या गोष्टीला अडथळा लागतो म्हणतात. तुझ्यापुढे एवढा खरा अडथळा रोज उभा असताना तू उसना खलनायक आणलास, त्याची जुनी श्रीमंत गर्लफ्रेंड. ती काढून टाक.

त्याऐवजी तुझ्या शहरातल्या सबबी वापर. एनएसएसचा सात दिवसांचा निवासी कॅम्प : गावात श्रमदान, शाळेत मुक्काम, मुलींना एका खोलीत, मुलांना दुसऱ्या, आणि त्याआधी परवानगीसाठी घरी घातलेली गळ. एकांकिकेच्या तालमी, ज्या संपता संपत नाहीत आणि मग शेवटी कोण कोणाला स्टेशनपर्यंत सोडतं. जुलैतला एखादा दिवस, कुर्ल्याला पाणी भरलंय, गाड्या बंद, इंडिकेटर कोरा, कॉलेजच्या लायब्ररीत वीस जण अडकलेले आणि कोणाच्या तरी डब्यातली पोळी-भाजी सगळ्यांत वाटली जाते. अशा दिवशी घरचेच फोन करून सांगतात, आहेस तिथेच थांब. तुझ्या नायिकेला मुंबईत मिळणारी मोकळीक ही एवढी आणि अशीच.

मराठीत हे लिहिलेलं फार थोडं आहे, म्हणून मी एवढं धरून बसले आहे. लहानांसाठी आपल्याकडे चांगलं लिहिलं जातं. बालभारतीचं ‘किशोर’ तर १९७१ पासून निघतंय. त्यानंतर वाचक एकदम मोठ्यांच्या कादंबऱ्यांत जाऊन पडतो. कॉलेजवरच्या मराठी कादंबऱ्या म्हटल्यावर मला लगेच आठवतात त्या मुलांच्या नजरेतून लिहिलेल्या, आणि बहुतेक पुण्यातल्या. सतरा-अठरा वर्षांच्या, लोकलनं कॉलेजला जाणाऱ्या मुलीला मराठीत स्वतःला कुठे भेटायचं? म्हणून तर तू इंग्रजीकडे गेलीस. आणि तुझे वाचक त्यासाठीच तुझ्याकडे येतायत.

आता त्या तिसऱ्या प्रकरणाबद्दल. पहिल्या दिवशी आई अर्ध्या दिवसाची रजा टाकून नायिकेबरोबर दादरपर्यंत येते. आदल्या रात्री तिनं बॅगेला आतून पासासाठी कप्पा शिवलाय, जुन्या उशीच्या अभ्र्याचा. डब्यात ती मुलीच्या कानाशी सांगते, दादरला उतरायचंय तर कुर्ल्याला उठायचं, बॅग पुढे घ्यायची, ओढणी आत खोचायची, मागची ढकलते म्हणून वळून बघायचं नाही. दादरला दोघी उतरतात. आई पूल चढून परतीच्या प्लॅटफॉर्मवर जाते, आणि मुलगी कॉलेजला उशीर होत असतानाही इकडून बघत राहते, आईला खिडकी मिळाली का. मिळत नाही. दोन बायकांच्या मध्ये उभी असलेली आई हात वर करून कडी पकडते आणि गाडी सुटते.

या प्रकरणात तो कुठेच नाही, आणि पाचांत हेच प्रकरण सगळ्यात चांगलं आहे. तो येतो तिथे तुझी भाषाच बदलते. त्याचे डोळे इंग्रजी कादंबरीतले, उंची तिथलीच, बाइक तिथली, आणि दुःख मात्र खऱ्या मुलाचं. या सगळ्यात तुझा तो मित्र मला कुठे दिसलाच नाही. तू त्याला चोरून बघतेस तेव्हाचा तो आहे. तुझं वर्ष तुझं आहे, अगं, त्यातला पुलावरचा थांबलेला श्वासही तुझाच आहे. तो हवा तितका लिही. त्याचं घर त्याचं आहे.

‘मग नायक कुठून आणू?’ असं तू विचारशील. घडव. वेगळ्या शाखेतला असू दे, हार्बर लाइनवरून येणारा. त्याला या वर्षाकडून काय हवंय ते ठरव, आणि ते प्रेम नसू दे. सीएची फाउंडेशन पास व्हायचंय, नाटकात एकदा तरी संवाद मिळवायचाय, राहिलेल्या विषयाची केटी निघायला हवी आहे. नायिकेचा त्याच्याबद्दलचा एखादा मोठा समज चुकीचा निघू दे. तुझ्या खऱ्या मित्राबद्दल तुला जे माहीत आहे ते इथे उपयोगी पडणार नाही, आणि ते बरंच आहे. माहीत नसलं की शोधावं लागतं. तीन-चार प्रकरणांनंतर हा नवा मुलगा तुला स्वतःहून उत्तरं द्यायला लागेल. तोवर धीर धर, सुरुवातीला तो लाकडी वाटेल.

शेवट त्यानंतर लिही. एफवायचा निकाल, एसवायचं अ‍ॅडमिशन, पुन्हा त्याच खिडकीवरची रांग. त्या रांगेत ती त्याच्याबरोबर उभी आहे की एकटी, हे त्या दिवशी तुझ्या मनात जे खरं वाटेल ते. मित्र हो म्हणाला म्हणून कादंबरीत हो, असं नको. तो नाही म्हणाला म्हणून नायकाला वाईट ठरवून सूडही उगवू नकोस. लिहिणाऱ्या अनेकांना तो मोह होतो, आणि वाचणाऱ्याला तो लगेच कळतो.

पुन्हा लिहून झालं, की ॲपवर टाकायच्या आधी पहिली वाचक म्हणून त्याच मैत्रिणीला दे, जी ‘डिलीट कर’ म्हणाली होती. तिला एकच प्रश्न विचार : यात तुला तो कुठे दिसतो का? जिथे दिसतो म्हणेल त्या ओळीवर खूण कर आणि ती ओळ बदल. वाद घालू नकोस. ती ‘नाही दिसत, पण हिचं पुढे काय झालं ते सांग’ असं म्हणाली, की दहावा भाग टाकायला घे. आणि तिसरं प्रकरण मला पुन्हा पाठव. ‘आई परत जाताना कुठल्या प्लॅटफॉर्मवर होती’ हे तू दोन ठिकाणी वेगवेगळं लिहिलंयस, तेवढं नीट कर.